पहिल्या तारखेची बॅग

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला माझी बॅग दाराशी येऊन उभी राहते. निळी, चाकांची, थोरल्याने हौसेने आणलेली. तिच्या चाकांचा खडखडाट ऐकला की मला राग येतो. तिन्ही बिल्डिंगांचे वॉचमन आता ओळखतात, हसून विचारतात, आजी, निघालात का. आता ते काय माझं वाईट चिंततात? पण मला त्यांचाही राग येतो.

मला तीन मुलं. थोरला ठाण्यात बाळकुमला, मुलगी डोंबिवलीत, धाकटा टिटवाळ्याला. आमचे हे गेल्यावर कल्याणचं दोन खोल्यांचं घर विकलं आणि तिघांनी एकत्र बसून ठरवलं की आई महिना-महिना एकेकाकडे राहील. भांडण नाही, तंटा नाही. नातेवाइकांत आमच्या घराचं उदाहरण देतात, बघा, आईची पाळी कशी शिस्तीत लावलीय. एकतीस दिवसांचा महिना ज्याच्या वाट्याला येतो तोसुद्धा कुरकुर करत नाही, आता बोला.

मीसुद्धा तेव्हा हो म्हटलेलं. वाटलं, बरंच आहे, सगळ्यांकडे हवापालट होईल, नातवंडं भेटतील. आणि सगळे माझं करतातही, खोटं कशाला बोलू. सुना वाईट नाहीत. वाईट असत्या तर भांडता तरी आलं असतं. मी स्वयंपाकघरात गेले की हातातलं लाटणं काढून घेतात, आई तुम्ही बसा, आता तुमचे आरामाचे दिवस. मी बसते. बसून बसून पायाला मुंग्या येतात, मग उठून खिडकीशी जाते, मग पुन्हा बसते. आयुष्यभर खोपटच्या एसटी डेपोत आरक्षणाच्या खिडकीत नोकरी केली, समोर रांग, मागे साहेब, कानाशी फोन. माझ्यासारख्या बाईला नुसतं बसवून ठेवायचं म्हणजे शिक्षाच की.

महिन्याभरात पुरं होईल असं फारसं काही नसतं, हे मला या फेऱ्यांत कळलं. बाळकुमला कैरीचं लोणचं घातलं, ते मुरलं तेव्हा मी टिटवाळ्यात. सुनेने फोन करून सांगितलं, आई, झकास झालंय हं. वाचनालयाचं पुस्तक अर्ध्यावर परत जातं. कवळीचं तर विचारूच नका. माप डोंबिवलीच्या डॉक्टरने घेतलं, कवळी तयार झाली तेव्हा मी भलतीकडेच, आणि पुन्हा आले तोवर हिरड्या बदललेल्या. अजून चावताना खालची बाजू टोचते.

आणि किल्ली. बाळकुमच्या टॉवरमध्ये दाराला किल्लीच नाही, बोट टेकवायचं असतं. माझं बोट ते मशीन घेईना. थोरल्याने माझी दहाही बोटं एकेक करून टेकवून बघितली आणि म्हणाला, आई, तुझे ठसे झिजलेत गं. टिटवाळ्याला किल्ली शेजारणीकडे असते, ती घरात असली तर मिळते. डोंबिवलीला मुलगी म्हणते, तुला किल्ली कशाला हवी, घरात कोणी ना कोणी असतंच की. तीन-तीन घरं मला, पण बाहेर जाऊन आले की तिन्हीकडे बेल वाजवून उभी राहते. आतून आवाज येतो, आई आल्या वाटतं. पाहुण्यासारखं वाटतं अगदी.

म्हणून मला डोंबिवलीचा महिना बरा वाटायचा. मुलीच्या बिल्डिंगच्या जवळच महापालिकेची बाग आहे. तिथे बदामाच्या झाडाखाली आम्हा बायकांचा बाक. बाग उघडी असते, बेल मारावी लागत नाही. तिथे मला एक मैत्रीण मिळाली. मूळची तिथलीच, शेतकरी घरातली, काष्ट्याचं लुगडं नेसणारी. घसरगुंडीकडे बोट दाखवून सांगायची, तिथे आमचं खळं होतं. जमीन गेली, बिल्डिंगा आल्या, तिचे मुलगे आता मोठ्या बंगल्यात राहतात. ती मला बाय म्हणायची, त्यांच्यात लाडाने म्हणतात तसं, म्हणून मीही तिला बायच म्हणू लागले. एक खवट, एक खट, आमचं छान जमलं.

एकदा उन्हाळ्यात मी घरून लिंबाचं सरबत नेलं. सगळ्या नको म्हणाल्या. बाय तर हातच लावेना. ओठ सुकून पांढरे पडलेले, आणि म्हणते, तहान नाय. मी खनपटीला बसले तेव्हा कबूल केलं. संध्याकाळी बागेत यायचं असलं की ती दुपारपासून पाण्याचा थेंब तोंडात घालत नाही. बाकीच्यांकडे बघितलं, तर त्या माना खाली घालून बसलेल्या. सगळ्यांचं तेच. या वयात धीर कुठे धरवतो? शिंक आली तरी पंचाईत. पुरुषांचं बरं, त्यांना मागची भिंत पुरते. बायका गप्पा रंगायला लागल्या की उठतात. मला इतके दिवस वाटायचं, यांना घरी सिरियल बघायच्या असतात.

आता गंमत अशी की बागेत संडास-मुतारी आहे. मागच्या बाजूला, चांगली टाइल्स लावलेली, दारावर पदर घेतलेल्या बाईचं चित्र. आणि त्या बाईच्या बरोबर पोटावर हे एवढं कुलूप. जाळीतून आत बघितलं तर झाडू, बादल्या आणि कुठल्याशा उत्सवाचे गुंडाळलेले फ्लेक्स. मी माळ्याला विचारलं. तो म्हणाला, मी आलो तेव्हापासून बंदच आहे, आजी.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाय बागेच्या फाटकाशी चक्कर येऊन पडली. ऊन, पाणी नाही, आणि लघवीला जंतूंचा त्रास आधीपासूनच. दवाखान्यात ठेवलं, सलाईन लावली. बरी होऊन घरी आली तेव्हा मुलांनी सांगितलं, आता बागबिग बंद, घरी काय कमी आहे तुला. मी भेटायला गेले. बाल्कनीत मोठ्या वेताच्या खुर्चीत बसलेली, पायाखाली उशी, बाजूला पाण्याची बाटली. सून हसतमुख, मला बळेबळे खाऊ घातलं. ती आत गेल्यावर बाय रस्त्याकडे बघत हळूच म्हणाली, "घरान मोऱ्या चार हायेत गो. बोलाला मानूस येक नाय."

माझं डोकंच सणकलं. रडू पण आलं, पण राग जास्त. एक कुलूप काढायचं, एवढीच तर गोष्ट. तेवढं निघालं तर ही बाई पाणी पिऊन बागेत येऊन बसेल. मी तिला म्हटलं, थांब, ते दार मी उघडून दाखवते.

दुसऱ्याच दिवशी प्रभाग कार्यालयात गेले. खिडकीतली मुलगी म्हणाली, साहेब राउंडला गेलेत. हे वाक्य मी खिडकीच्या आतून इतकी वर्षं बोललेले, मला काय नवीन? मी म्हटलं, बसते, राउंड गोल असतो, येतील फिरून. साहेब आले. म्हणाले ठेकेदाराचं काम आहे. ठेकेदार म्हणाला पाण्याची लाइन नाही. लाइनवाला म्हणाला लाइन आहे, वरची टाकी फुटलीय. मी एकेकाच्या मागे लागले, चपलेची पट्टी तुटली ती शिवून घेतली आणि पुन्हा गेले. टाकी बदलायचं कबूल झालं, आणि तेवढ्यात पहिली तारीख आली.

बॅग दाराशी. मी मुलीला म्हटलं, जरा थांबले असते गं, एक काम अर्धवट आहे. ती म्हणाली, आई, धाकट्याला वाईट वाटेल, त्याने सुट्टी काढलीय तुला न्यायला. आता पोरगं सुट्टी काढून आलेलं, त्याला काय सांगू की मला मुतारीचं काम आहे? गेले गपचूप.

टिटवाळ्याला धाकट्याने गणपतीला नेलं, हवा मोकळी, घर शांत. माझं लक्ष कुठे लागतंय? हात जोडून उभी आणि डोळ्यापुढे ते कुलूप. तिथून फोन लावायचे, तर अमुक साहेब रजेवर, तमुक मीटिंगमध्ये. नातवाने विचारलं, आजी, तू एवढी येरझाऱ्या का घालतेस, पाय दुखत नाहीत का. मग बाळकुम. तिथे तर खाली बागेत मऊ मऊ पायवाट, ज्येष्ठांसाठी वेगळा कोपरा, सगळं चकाचक, आणि मला कोणी ओळखत नाही. थोरल्याला वाटलं माझी तब्येत बिघडलीय. त्याने रक्त तपासून घेतलं. रक्तात काही निघालं नाही.

डोंबिवलीला परत आले तर साहेब बदललेले. टाकीचं काम कुणीच केलं नव्हतं. सगळं पहिल्यापासून. खिडकीतली ती मुलगी, स्वभावाने गोड, म्हणाली, "आजी, तुम्ही मधेच गायब होता ना, मग कसं होणार?" इतक्या वर्षांत मला कोणी असं खरं बोललं नव्हतं. माझी पाठ फिरली की माझं काम माझ्याबरोबर बॅगेत जातं, हे सगळ्यांना कळलेलं, मलाच कळलं नव्हतं.

त्या फेरीत मी कुणालाच सोडलं नाही. टाकी बसली. पाणी आलं. कुलूप मात्र तिथेच. का, तर लोक गैरवापर करतात. बरं, मग काय करायचं? बघू.

त्याच सुमारास त्या बागेतच ज्येष्ठ नागरिकांचा सत्कार ठरला. मंडप, लाल गालिचा, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांना पांढरी कापडं. बाकावरच्या आम्ही सगळ्याजणी सत्कारमूर्ती. बायलाही गाडीतून आणलं, जमिनीचे जुने मालक म्हणून पहिल्या रांगेत बसवलं. मला इतका आनंद झाला तिला बघून. मंडपातली कार्यकर्ती मुलं हौशी, सारखी चहा फिरवत होती, घ्या ना आजी, घ्या ना. समारंभात नाही कसं म्हणायचं? बाय प्यायली, मी प्यायले, सगळ्या प्यायल्या. मग भाषणं सुरू झाली. ज्येष्ठ म्हणजे वटवृक्ष, ज्येष्ठ म्हणजे दीपस्तंभ, आपण त्यांच्या सावलीत वाढलो. एकाचं झालं की दुसरा. अर्ध्याएक तासाने मी बायकडे बघितलं तर तिने डोळे मिटलेले आणि लुगड्याचा काठ मुठीत आवळून धरलेला. कपाळावर घाम. आजूबाजूच्या बायकाही पाय जुळवून ताठ बसलेल्या. फोटोत मात्र आम्ही फार शिस्तबद्ध दिसतो.

माझी पाळी आली तेव्हा पाहुण्यांनी शाल उलगडली. माझ्याकडे अशा शाली आहेत, एकीलाही ऊब नाही. मी मागे सरकले आणि माइक हातात घेतला. बोलायचं काही ठरवलेलं नव्हतं.

"शाल नंतर घेते," मी म्हटलं. "आधी ते मागचं कुलूप काढा. आम्हाला जायचंय."

आधी कुणाला कळलं नाही. मग पुरुषांच्या बाजूला हशा पिकला, आणि मग तो आपोआप थांबला, कारण बायका हसल्याच नव्हत्या. पाहुणे गोरेमोरे झाले. त्यांनी कुणाला तरी खुणावलं, आणि काय सांगू, किल्ली वॉचमनच्या खिशातच होती. मी बायचा हात धरून तिला सगळ्यांच्या आधी नेलं. मागे रांग लागली. मी दाराशी उभी राहून ती लावून दिली, ज्यांना धीर नाही त्या पुढे, डेपोत लेकुरवाळ्यांना पुढे घ्यायचे तशी. तिकडे पुढचं भाषण रिकाम्या खुर्च्यांपुढे चालू होतं. बाय बाहेर आली, पदराने तोंड पुसलं आणि इतकी मनापासून हसली की मलाही हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी गेले तर पुन्हा कुलूप. वॉचमन म्हणाला, कालचं कार्यक्रमापुरतं होतं.

मी तशीच प्रभाग कार्यालयात. नवीन साहेब तरुण होते, कालचा प्रकार त्यांच्या कानावर गेलेला, मला खुर्ची दिली. मी म्हटलं, खुर्ची नको, खुर्च्यांवर बसून बसून जीव गेलाय माझा. मग ते सरळ बोलले. सफाईला बाई रोज सकाळी येईल, पाणी आहे, अडचण फक्त माणसाची. वॉचमन एकटा, त्याला दोन फाटकं. संध्याकाळी उघडायचं, लक्ष ठेवायचं, अंधार पडला की बंद करायचं, रोज, न चुकता. असा जबाबदार माणूस कुठून आणू? मी म्हटलं, मी आहे. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग विचारलं, "तुम्ही इथे कायमच्या राहता ना, आजी?"

"कायमची," मी म्हटलं.

सरकारी माणसापुढे इतकं धडधडीत खोटं मी कधी बोलले नव्हते. किल्ली पितळेची, सुतळीने लाकडाच्या तुकड्याला बांधलेली, पर्समध्ये मावेना इतकी मोठी. परत येताना भाजीवालीपुढे उभी राहिले आणि एकदम रडायलाच लागले. तिने विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही, कोथिंबीर दे. ह्यांच्या माघारी पहिल्यांदा मला कुणी तरी एखादं दार सोपवलं होतं.

मुलीला सांगितलं नाही. किल्ली कमरेला खोचून बागेत जायचे. बाकावर बायका वाढू लागल्या. पलीकडच्या गल्लीतल्या दोघी यायला लागल्या, एकीला मधुमेह, ती तर किती वर्षांत घराबाहेर बसलीच नव्हती. आता सरबत नेलं की संपायचं. दिवे लागेपर्यंत गप्पा. सगळ्या निघाल्या की मी आत बघून, नळ आवळून, कुलूप लावायचे. मला शांत झोप लागायला लागली. एवढंच बाय येत नव्हती. मुलं अजून सोडत नव्हती. ती रोज संध्याकाळी फोन करायची, उघडलंय का गो आज. मी सांगायचे, उघडलंय. ती म्हणायची, बघते, विचारते.

आणि पहिली तारीख आली.

या वेळी धाकट्याला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून मला टिटवाळ्याला सोडायला थोरलाच बाळकुमहून गाडी घेऊन आला. बॅग दाराशी. मी म्हटलं, मला यायला जमणार नाही. त्याला वाटलं बरं नाही. मग मी किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. तो आधी हसला. मग त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, आई, लोक काय म्हणतील, तीन-तीन मुलं आणि आई बागेतल्या संडासाची राखण करते. मी ओळख काढतो, तिथे एखादा माणूस ठेवायला लावतो, तू कशाला त्रास घेतेस. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकलेला. ती म्हणाली, मला तू नको आहेस असं नाही गं आई, पण दादाला, धाकट्याला वाटेल मी तुला अडवून ठेवली. आपलं सगळं सरळ चाललंय ना.

दोघांचंही खरंच होतं. मला दोघांची माया आली आणि दोघांचा रागही आला. मी म्हटलं, "माझी वाटणी तुम्ही चोख केलीत, रे. कुणाच्या वाट्याला कमी नाही, जास्त नाही. पण मी कुणाला लागते का, हे एकदा तरी बघायचं होतंत."

थोरल्याने किल्ली उचलली, उलटीसुलटी करून बघितली, परत ठेवली. खाली गाडीचा इंडिकेटर लागलेला राहिला होता, मागून कोणी तरी हॉर्न मारत होतं. म्हणाला, आई, आज चल, मग बघू. मलाही वाटलं, चला, एवढा लांबून आलाय, एवढं कशाला ताणायचं. मी पदर खोचला. मुलगी पुढे झाली आणि तिने बॅगेचा दांडा धरला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. बाय. मागे रस्त्याचा आवाज येत होता, ती बाल्कनीत नव्हती.

"बाय, पानी पिऊन निघाले," ती म्हणाली. "पोटभर प्याले. तू हायेस ना?"

"आहे," मी म्हटलं.

मी टेबलावरची किल्ली घेतली आणि चपला घातल्या. मुलीने बॅग आत ओढली की बाहेर, ते बघायला मी थांबले नाही. जिना उतरताना वरून थोरल्याने हाक मारली, आई, सावकाश. सावकाश कसली जातेय, ती पाणी पिऊन निघाली होती.